नऊच्या आत तंबूत: चैत्रातलं बकरथाच

दिवस पहिला: मनाली आणि सोलंग

साखरगाठी आणि कडुलिंबाची डहाळी मी पुण्यातूनच बांधून घेतली होती, कारण पाडवा बर्फात येणार होता. चंदीगडपर्यंत विमान, पुढे रात्रीची बस, आणि सकाळी साडेसातला आम्ही चौघं मनालीत उतरलो. मी, माझी एकोणीस वर्षांची भाची, आमचे ट्रेकचे जुने सोबती डॉक्टर आणि महाडचे सर. सर शाळेत भूगोल शिकवायचे, आता निवृत्त आहेत. सह्याद्रीतल्या घाटवाटा त्यांना तोंडपाठ. मार्च-एप्रिलचा हिमालय मात्र आम्हा चौघांनाही नवा होता.

स्टँडजवळच्या एका टपरीवर गरमागरम सिड्डू मिळाला. उकडलेल्या कणकेच्या पोटात अक्रोडाचं सारण आणि वरून तुपाची धार. आपल्या दिंडांची आठवण यावी असा, फक्त गोड नाही. भाचीने दोन खाल्ले आणि तिसरा कागदात बांधून घेतला.

आमचे गाइड तिथेच भेटले. पलचानचे, पन्नाशी ओलांडलेले, लहानपणी मेंढरांमागे वरच्या कुरणांवर फिरलेले. आम्ही त्यांना भाईजी म्हणू लागलो. कुठले किल्ले केले, कुठली शिखरं केली, असलं काही त्यांनी विचारलं नाही. पहिला प्रश्न होता, "सुबह कितने बजे उठ सकते हो?" सर म्हणाले, "तीन." तेव्हा भाईजी मोकळेपणाने हसले. मग म्हणाले, "ठीक है. नौ बजे के बाद मैं किसी ढलान के नीचे नहीं चलूँगा. आप कहोगे तो भी नहीं."

ही एक अट आमच्या पूर्ण प्रवासाचा कणा ठरली. त्यामागचं कारण मात्र आम्हाला एकेका दिवसाने कळत गेलं.

दुपारी सामान भाड्याने घेतलं. स्नोशू, म्हणजे बर्फात रुतू नये म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद पट्ट्या, बर्फाची कुऱ्हाड, आणि प्रत्येकाला तीन वस्तू: बीकन, प्रोब आणि फावडं. बीकन म्हणजे छातीवर बांधायचं छोटं यंत्र. ते ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश सोडत राहतं आणि कुणी गाडलं गेलं तर बाकीचे आपली यंत्रं शोधावर टाकून त्या संदेशाचा माग काढतात. प्रोब म्हणजे जोडून लांब होणारी काठी, बर्फात खुपसून माणूस चाचपण्यासाठी. एका दुकानात मिळालेल्या चार बीकनांपैकी एकातली बॅटरी फुटून आत पांढरी पूड साचली होती. आम्ही चारही परत केले आणि दुसरीकडून घेतले.

घेणाऱ्यांसाठी: प्रत्येक बीकन दुकानातच चालू करून, चाळीस-पन्नास पावलं लांब जाऊन तपासा. बॅटऱ्या नव्या, साध्या अल्कलाइन हव्यात. चार्ज करून वापरायच्या नकोत, त्या अचानक मान टाकतात. मोबाइल बीकनपासून वीतभर तरी लांब ठेवा आणि शोधताना तो बंदच करा. फावडं धातूचंच हवं. हिमस्खलनात आलेला बर्फ थांबला की इतका घट्ट बसतो की प्लॅस्टिकचं पातं मोडतं.

सोलंगला पोचल्यावर भाईजींनी आम्हाला पाठ करून उभं केलं आणि एक बीकन जुन्या सॅकमध्ये घालून बर्फात पुरलं. डॉक्टरांनी घड्याळ लावलं. पहिल्या वेळी सॅक बाहेर काढायला आम्हाला १७ मिनिटं लागली. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "गेला." मग तिथेच बर्फावर बसून त्यांनी समजावलं. गाडलेला माणूस बहुधा थंडीने नाही, गुदमरून मरतो. त्याच्याच श्वासाची वाफ तोंडासमोर गोठून बर्फाचा पापुद्रा धरते आणि हवा बंद होते. पहिल्या दहा मिनिटांत काढलं तर दहातले नऊ वाचतात. अर्धा तास गेला की तीनच्या आसपास. म्हणजे खालच्या गावातून मदत येईपर्यंत बहुतेक वेळा सगळं संपलेलं असतं. जे काही करायचं ते जवळ उभ्या असलेल्या सोबत्यांनीच.

त्यानंतर आम्ही अंधार पडेपर्यंत सराव केला. प्रोब लागला की तो तसाच रोवून ठेवायचा. खणायला सुरुवात बरोबर डोक्यावरून करायची नाही, उताराच्या खालच्या बाजूने आडवं आत शिरायचं. पायाखाली माणसाची हवा दाबली जात नाही आणि माती, म्हणजे बर्फ, मागे ओढायला सोपा जातो. शेवटचा शोध सहा मिनिटांत झाला. भाचीचे हात सुजले होते. त्या रात्री राजमा-भात खाताना कुणी फारसं बोललं नाही.

दिवस दुसरा: धुंदी ते बकरथाच

पहाटे साडेचारला धुंदीहून चालायला सुरुवात. अटल बोगद्याकडे जाणारा रस्ता इथून जवळच आहे आणि बोगद्याच्या तोंडाशी लावलेले दिवे मागे बराच वेळ दिसत राहिले. त्यांच्यापासून थोडं आत वळलं की पूर्ण काळोख आणि पायाखाली करकरणारा बर्फ. रात्र निरभ्र होती. बर्फ इतका कडक की स्नोशू सॅकलाच लटकत राहिले, बुटांना लावलेल्या काट्यांवर काम भागलं.

आम्हाला गाठायचं होतं ते डोंगरातलं तळं म्हणजे बियास कुंड, आणि मे अखेरीपासून त्याची हीच वाट गजबजते. चैत्रात ती बर्फाखाली असते आणि तिच्यावर दोन्हीकडून नाले उतरतात. पहिल्या नाल्याच्या तोंडाशी भाईजींनी थांबवलं. एकेकाने जायचं, बाकीच्यांनी बघत राहायचं. सॅकचा कमरेचा पट्टा सोडायचा, हातातल्या काठीचे पट्टे मनगटातून काढायचे, म्हणजे वेळ आली तर ओझं टाकता येईल. मध्ये फोटोला थांबायचं नाही.

नाल्यात जुनी ढेकळं पसरली होती. विदर्भात उन्हाळी नांगरट झालेलं काळं रान असतं ना, तसंच दिसत होतं, फक्त करडं-पांढरं. काही ढेकळं माझ्या कमरेएवढी. त्यांच्यात मोडलेल्या भूर्जाच्या फांद्या, दगड, चिखल. मी एका ढेकळावर कुऱ्हाड मारली तर ठणकन आवाज आला. भाईजी म्हणाले, "दस-बारह दिन पुराना ग्लेशियर है." इथली माणसं हिमस्खलनाला ग्लेशियरच म्हणतात. भूगोलाच्या सरांना आधी ते खटकलं, पण दोन दिवसांत तेही "तो ग्लेशियर बघा" म्हणायला लागले.

भाईजींनीच मग आम्हाला झाडं वाचायला शिकवलं. नाल्याच्या कडेच्या भूर्जांना वरच्या बाजूला फांद्याच नव्हत्या, सगळ्या खालच्या बाजूला. वरून येणाऱ्या बर्फाने त्या वर्षानुवर्षं तासून काढल्या होत्या. जिथे झाडं दोन्हीकडून भरलेली आणि म्हातारी आहेत तिथे टेकायला हरकत नाही. जिथे मधेच झाडांचा पट्टा तुटलाय, गवताचा उभा रस्ता पडलाय, ती ग्लेशियरची वाट.

इथे मला आपली सवय आठवली. सह्याद्रीत आपण नाळेवर प्रेम करतो. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, नाही तर घाटमाथ्यावर चढणारी कुठलीही अरुंद घळ. वर जायला तीच सोपी, तीच सावलीची. बर्फात नेमकी तीच सापळा आहे. बाजूच्या सगळ्या उतारांवरचा माल घळीत येऊन पडतो आणि खोलगटात थोडासा बर्फसुद्धा माणसाला दोन पुरुष खोल गाडू शकतो. आमच्या वहीत मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं: नाळ सोडा, सोंड धरा.

पावणेनऊला बकरथाचला पोचलो. सुमारे ३,३०० मीटर. थाच म्हणजे कुरण. पण आत्ता नुसतं पांढरं ताट आणि त्याच्या कडेने हनुमान टिब्बा, सेव्हन सिस्टर्स, फ्रेंडशिप या शिखरांच्या सोंडा. भाईजींनी तंबूंची जागा निवडायला पाऊण तास घेतला. प्रत्येक उताराच्या पायथ्यापासून ती लांब हवी होती. खानसामा दादांनी तोवर चहा आणि मॅगी केली. मी पुण्याहून आणलेलं मेतकूट त्यांना भातावर घालून दिलं, तर "ये सत्तू है क्या?" म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

खरा धडा साडेअकरानंतर सुरू झाला. ऊन असं की जॅकेटं काढली. समोरच्या, दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारावर खडकांच्या बुडातून बर्फाचे गोळे सुटायला लागले. घरंगळत, मोठे होत, मागे चाकासारखी रेघ ओढत. भाची मोजत होती. अकरा, बारा, मग मोजता येईनात. भाईजींनी तिला एवढंच सांगितलं, "अब देखते रहना."

बारा चाळीसला त्या उताराचा एक भाग हलला. आधी आवाज नव्हता. कढईतली खीर कडेला ओघळावी तसा तो संथ खाली निघाला, मग घळीत शिरला, आणि तेव्हा रेल्वे पुलावरून जाते तसा घरघराट आला. सगळं मिळून दीड मिनिट. कोरड्या बर्फाचा लोट धुरासारखा उडतो हे चित्रांत पाहिलं होतं. हा उडत नव्हता, जमिनीला चिकटून वाहत होता. ताजा भुसभुशीत बर्फ एका घनमीटरला शंभर किलोच्या आसपास भरतो. असा भिजलेला त्याच्या चार-पाच पट. तो माणसाला उडवत नाही, दाबून घेऊन जातो.

सर बराच वेळ बोलले नाहीत. २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली तेव्हा ते मदतीला गेले होते. शेवटी म्हणाले, "अगं, हे तेच आहे. पाणी मुरलं की कण कणाला धरत नाही. तिथे पावसाचं पाणी, इथे उन्हाचं."

मला वसंतातलं हिमस्खलन त्या एका वाक्यात समजलं. दिवसा ऊन वरचा थर वितळवतं. पाणी आत झिरपतं, खाली एखादा बर्फाळ किंवा घट्ट थर लागला की त्यावर पसरतं आणि वरचं सगळं निसटायला मोकळं होतं. रात्री आभाळ निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता वर सोडून पुन्हा गोठतो; हवा शून्याच्या जरा वर असली तरी गोठतो. तेच कण आता एकमेकांना सिमेंटसारखे धरतात. म्हणून पहाटेचा उतार आणि दुपारचा उतार नकाशावर एक असले तरी पायाखाली दोन वेगळे डोंगर असतात. ऊन आधी पूर्वेच्या उतारांवर येतं, मग दक्षिणेच्या, दुपारनंतर पश्चिमेच्या. वाट आखायची ती याच क्रमाने.

जाणाऱ्यांसाठी: कोनमापक सोबत घ्या, मोबाइलमधलाही चालतो. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. तुम्ही सपाटीवर असलात तरी डोक्यावर असा उतार असेल तर तुम्ही त्याच्याच वाटेत आहात. घरंगळणारे गोळे, बर्फाच्या पोटातून "धप्प" असा बसका आवाज, पायापासून पळत जाणारी चीर, पाय नडगीपर्यंत रुतणं: यातलं एकही दिसलं तर त्या उतारावरून आणि त्याच्या खालून बाजूला व्हा.

दिवस तिसरा: आभाळ

पहाटे आसपासच्या सपाटीवर स्नोशूंचा सराव केला. उन्हं आली की परत. दुपारी दोननंतर पश्चिमेकडून ढग चढले आणि बर्फ पडायला लागला, आधी साबुदाण्यासारखा, मग कापसासारखा. पश्चिमी विक्षोभ म्हणजे भूमध्य समुद्राकडून येणारी ती हवा, शाळेत शिकवताना सर फळ्यावर बाणांनी दाखवायचे. आज ती त्यांच्या टोपीवर साचत होती आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

रात्रभर पडत राहिला. दर दोन तासांनी कुणीतरी उठून तंबूवरचा बर्फ झटकायचा, तंबूभोवती उकरून हवा मोकळी ठेवायची. माझी पाळी एकला होती. बाहेर वारा नव्हता. लांबून, काळोखातून, एकदा घरघर ऐकू आली आणि थांबली. कुठून ते कळलं नाही.

दिवस चौथा: पाडवा

सकाळी मोजला, ३५ सेंटीमीटर नवा बर्फ. आठ वाजता ढग फाटले आणि असं ऊन पडलं की डोळे उघडवेनात. निळं आभाळ, न मोडलेला बर्फ. शहरातून आलेल्या माणसाला वाटावं, चालायला याहून सुंदर दिवस नाही.

भाईजींनी कुकरमध्ये चहाचं पाणी ठेवलं आणि म्हणाले, "आज कोई नहीं हिलेगा."

वादळानंतरचा पहिला उन्हाचा दिवस हा वसंतातला सगळ्यात वाईट. नवा बर्फ अजून खालच्या थराला चिकटलेला नसतो आणि एप्रिलचं ऊन त्याला तासाभरात जड करतं. वर धारेवर वाऱ्याने बांधलेले बर्फाचे छज्जेही याच वेळी तुटतात. साडेनऊपासून सुरुवात झाली. खडकांमधून पातळ धबधबे सुटावेत तसा बर्फ सगळीकडून ओघळत होता. दुपारपर्यंत मी एकवीस मोजले, त्यांतले तीन मोठे.

आणि आमचा पाडवा मधोमध, त्या सपाट ताटात. गुढीला काठी हवी होती. भाचीने तिचा प्रोब जोडला, अडीच मीटरच्या आसपासचा, सरळ, चकाकता. सरांनी सॅकच्या तळातून घडी केलेलं उपरणं काढलं. ते त्यांनी याचसाठी आणलं होतं. स्टीलचा पेला पालथा, साखरगाठी, आणि चार दिवसांत काळपट पडलेली कडुलिंबाची डहाळी. भाईजी आणि खानसामा दादा पगडी सावरावी तशा टोप्या सावरून उभे राहिले. सर म्हणाले, "काम पडलं तर एका क्षणात उतरवायची. प्रोबच आहे तो." मी कडुलिंब-गूळ सगळ्यांच्या तळहातावर ठेवला. भाईजींनी चावून तोंड वाकडं केलं आणि मग सांगितलं की त्यांच्या घरीही या दिवसांत नव्या वर्षाची पूजा असते. दूध पावडरीची शेवयांची खीर झाली. इतकी चविष्ट खीर मी घरीही कधी केलेली नाही.

दुपारी बसल्या बसल्या भाईजी रोहतांग खिंडीपलीकडच्या लाहौलबद्दल बोलले. तिकडे त्यांचं आजोळ. १९७९ च्या मार्चमध्ये तिथे दिवसचे दिवस बर्फ पडत राहिला आणि गावांवर ग्लेशियर आले. ज्या घरांवर आजोबांच्या आठवणीत कधी आला नव्हता त्यांच्यावरही. त्यांची आजी रोहतांगच्या पलीकडून बातमी यायला किती दिवस गेले ते सांगायची. आता ९ किलोमीटरचा बोगदा आहे, माणसं वीस मिनिटांत पलीकडे जातात. "लेकिन पहाड़ वही है," ते म्हणाले आणि चहाचे कप गोळा करायला उठले.

माहितीसाठी: हिमस्खलनाच्या अभ्यासासाठी १९६९ मध्ये मनालीत सुरू झालेली 'सासे' ही संस्था आता संरक्षण संशोधन संस्थेच्या (डीआरडीओ) 'डीजीआरई' या प्रयोगशाळेचा भाग आहे. हिमाचल, उत्तराखंड, जम्मू-काश्मीर आणि लडाखसाठी त्यांचे जिल्हावार इशारे निघतात, उंची आणि धोक्याच्या पातळीसह. निघण्याआधी आणि वर रेंज मिळेल तिथे ते बघाच. पण इशारा जिल्ह्याचा असतो, तुमच्या समोरच्या घळीचा नाही. बाकीचं डोळ्यांनीच बघायचं. कुल्लू प्रशासन कधी कधी वरच्या वाटा बंद करतं, त्याची चौकशी मनालीतच करा. धुंदीच्या पुढे आमच्या फोनना रेंज नव्हती. परदेशातून येणाऱ्या मराठी मंडळींनी तिकडचा उपग्रह संदेशक सवयीने सॅकमध्ये टाकू नये, भारतात परवानगीशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे. त्यापेक्षा खाली एका माणसाला कुठल्या वेळेपर्यंत परत येणार ते लिहून द्या.

दिवस पाचवा: परत फिरलो

तीनला उठलो. बियास कुंडाकडे जायचं, उजाडता उजाडता काठावर, आठपर्यंत परत. तंबूतून डोकं काढलं तर चांदण्या नव्हत्या. रात्री ढगांनी पुन्हा गोधडी घातली होती. चालायला लागलो आणि पायाखालचा आवाजच वेगळा. करकर नाही, फसफस. स्नोशू असूनही घोट्यापर्यंत जात होतो.

पाच वाजता शेवटच्या चढाखाली पोचलो. इथून डावीकडचा उतार वाटेवर झुकतो. कोन मोजला, ३६. भाईजींनी कुऱ्हाडीचा दांडा बर्फात दाबला. वरचं चार बोटांचं कवच फोडून तो मुठीपर्यंत गेला, लोण्यात गेल्यासारखा. "जमा नहीं," ते म्हणाले.

मग त्यांनी असं काही केलं जे मी पुढे प्रत्येक ट्रेकला करणार आहे. त्यांनी स्वतःचं मत दिलं नाही. आधी सगळ्यात लहान माणसाला विचारलं. मोठ्यांनी आधी बोललं की लहान गप्प बसतात, म्हणून. आणि अट एकच: एकाचाही नकार आला तर परत, वाद नाही.

भाची म्हणाली, "जाऊया. मावशी, जेमतेम तासाचं अंतर आहे." तिचा आवाज कापत होता. वर्षभर तिने या कुंडासाठी पैसे साठवले होते, सिंहगड शनिवार-रविवार चढून पाय तयार केले होते. मी "मला सांगता येत नाही" म्हणाले. खरं तर मलाही जायचं होतं. डॉक्टर "नको" म्हणायच्या आधीच सर म्हणाले, "नको."

परत फिरलो. भाची पूर्ण वाट माझ्याशी बोलली नाही. साडेसहाला तंबूत होतो. त्या दिवशी ढगांआडून अधूनमधून ऊन येत राहिलं आणि ती दुर्बीण लावून त्या एका उताराकडे बघत बसली. दुपारी चारपर्यंत. त्या उतारावरून काहीही आलं नाही.

"बघा," ती म्हणाली, "काहीच नाही आलं. गेलो असतो तर झालं असतं."

डॉक्टर बूट सुकवत होते. "रक्तदाबाची गोळी वर्षभर घेतलेला पेशंट मला हेच म्हणतो. डॉक्टर, झालं तर काहीच नाही, मग गोळी कशाला?"

ती हसली नाही, पण तिने दुर्बीण खाली ठेवली. मला मात्र रात्री झोप लागली नाही. सोबत्यांना घेऊन मी सह्याद्रीत कितीदा "काही झालं नाही" एवढ्यावर एखादी वाट सुरक्षित ठरवली असेल, ते आठवत पडून राहिले. पावसाळ्यात दगड सुटणाऱ्या घळी. पाणी वाढत असलेले ओढे. घरी आलो म्हणून आपण बरोबर होतो असं धरून चाललेली वीस वर्षं.

दिवस सहावा: कडक बर्फ

अडीच वाजता भाईजींनी तंबू हलवला. आकाशगंगा एका धारेपासून दुसऱ्या धारेपर्यंत. बाहेर पाऊल टाकलं तर फरशी. कुऱ्हाडीचं टोक बर्फावरून घसरलं. हवी तशी पहाट आज आली होती, आणि आजच आमचा परतीचा दिवस होता. शिधा संपत आला होता. कुंडापर्यंत जाऊन परत तंबूत येणं जमलं असतं, पण तिथून पुढे धुंदीचे नाले ओलांडायला दहा-अकरा वाजले असते. एका पहाटेत दोन्ही मावत नव्हतं.

या वेळी कुणाला विचारावं लागलं नाही. भाचीनेच प्रोबवरचं उपरणं सोडलं, घडी करून सरांच्या हातात दिलं आणि प्रोब दुमडून सॅकमध्ये टाकला.

उतरताना परवाचा नवा ग्लेशियर ओलांडला. जाताना इथे आमची पावलं होती. आता त्यांच्यावर पुरुषभर ढेकळं. एकेकाने, न थांबता. भाची पलीकडे पोचून मागे वळली आणि आम्हा प्रत्येकावर डोळे रोवून उभी राहिली, शेवटचे भाईजी येईपर्यंत. सेव्हन सिस्टर्सवर तेवढ्यात गुलाबी उजेड आला. सव्वाआठला आम्ही धुंदीत होतो.

खानसामा दादांचा भाऊ गाडी घेऊन येईपर्यंत उशीर झाला. दहा वाजता पर्यटकांच्या गाड्या यायला लागल्या. भाड्याचे रंगीत कोट, रबरी बूट, रस्त्याकडेला भाजलेली कणसं. एका गाडीतून सांगलीचं कुटुंब उतरलं. आजी, आई-वडील, सहा-सात वर्षांचा मुलगा. तो घसरगुंडीचा पाट घेऊन थेट रस्त्याशेजारच्या घळीच्या तोंडाशी धावला, कारण तिथेच बर्फ सगळ्यात जास्त होता. वर, उन्हात, एक गोळा सुटला आणि रेघ ओढत अर्ध्यावर थांबला.

४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर भरदिवसा हिमस्खलन आलं. सात पर्यटक गेले. गिर्यारोहक नव्हते ते, रस्त्यालगतच्या बर्फात उतरलेले लोक होते.

मी उठायच्या आत भाची पोचली होती. "काका, याला इथे नका खेळू देऊ. तो वर गोळा दिसतोय का? ती रेघ? तसे अजून सुटतील आता. पलीकडे झाडं आहेत ना, तिथे सपाट आहे, तिकडे न्या." वडिलांनी आधी तिच्याकडे, मग वर पाहिलं. "अहो, सगळेच खेळतायत की इथं," ते म्हणाले. आजी मात्र पुढे झाल्या. "पोरगी वरनं आलीया. ती सांगतीया तर ऐका की." आणि त्यांनी नातवाचं मनगट धरलं.

मुलगा रडायला लागला. भाचीने सॅकमधून प्रोब काढला, एक झटका दिला आणि तो सळसळत लांब झाला. रडणं थांबलं. झाडांखालच्या सपाटीवर तिने त्याचा एक हातमोजा बर्फात पुरला आणि काठी त्याच्या हातात दिली. आमची गाडी आली तेव्हा तो जीभ बाहेर काढून, एकेक वीत पुढे सरकत, बर्फात काठी खुपसत होता.